घरच्या जागेत कसली काठी

रान माजलेली जमीन साफ करून देणं हा त्याचा धंदा आणि काठी ही त्याची खोड, म्हणून सगळे त्याला काठ्या म्हणत. काटेरी झुडपं असोत की पडक्या घराचा राडारोडा, खोदाईचं मशीन चालू करण्याआधी हा बाबा लोखंडी टोकाची काठी घेऊन अख्खी जागा पायाखाली घालायचा. पावलापावलाला टोचून बघायचा आणि प्रत्येक जाळीत तोंड घालून तीनदा ओरडायचा, "कोणी आहे का आत?" लोक हसायचे. हसेनात का! बुजलेली विहीर मशीन गिळते, तेव्हा हसणारा एकही जण दोर घेऊन येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते काही खोटं नव्हतं.

पण अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात, ती अशी. त्या दिवशीची जागा होती त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई आणि भाऊजींनी ती बारा वर्षांपूर्वी घर बांधायला घेतली, तेव्हा कुंपण यानेच घातलं होतं. घर राहिलं बाजूला, आत जंगल माजलं. ताईने विषय काढला की भाऊजी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." भाड्याच्या दोन खोल्यांत तिचं अर्धं आयुष्य गेलं. शेवटी तिनेच बेत केला. भाऊजी सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेले की मशीन लावायचं आणि संध्याकाळी त्यांना मोकळ्या जागेवर नेऊन उभं करायचं.

"तोंड बघ त्यांचं कसं होतं ते," ती हसत म्हणाली होती. बिचारी.

"आधी एकदा काठी फिरवून घेतो," तो म्हणाला.

"घरच्या जागेत कसली रे काठी? संध्याकाळच्या आत उरकायचंय. मी चहा घेऊन येते अकरापर्यंत."

त्यालाही पटलं. मागच्या कोपऱ्यात जुन्या मालकाची पत्र्याची खोली होती, पण ती केव्हाच कोसळली, असं खुद्द भाऊजींनीच सांगितलं होतं. मग बघायचं काय राहिलं? ताईने सकाळी भाऊजींच्या डब्याबरोबरच भरून दिलेला बटाट्याच्या भाजीचा डबा सीटखाली ठेवून त्याने मशीन चालू केलं.

दोन तास नुसता कचरा निघाला. फुटक्या बाटल्या, टायर, कोणाची तरी कुजलेली गादी. आपलं घर झाडायचं आणि दुसऱ्याच्या कुंपणात टाकायचं, काय एकेक लोक असतात! असं पुटपुटत तो मागच्या कोपऱ्यापर्यंत आला. तिथे वेलींची भिंतच उभी होती. त्याने बकेट आत घातली आणि मागे ओढली. पत्रा किंचाळला, आत काहीतरी धाडकन कोसळलं आणि वेलींच्या गुंत्यासकट एक खुर्ची बाहेर आली.

खुर्ची कचऱ्यात सापडते, त्यात नवल नाही. पण हिच्यावर धूळ नव्हती. तिच्या मागोमाग हँगरला लावलेला निळा शर्ट आला. इस्त्रीचा होता. खिशावर भाऊजींच्या कारखान्याचं चिन्ह.

त्याने मशीन बंद केलं. तो खाली उतरला. पत्र्याखालून डोकावणारं वर्तमानपत्र आजचं होतं. शेजारी डबा पडला होता. झाकण उघडलं तर त्याच्या डब्यातलीच बटाट्याची भाजी आणि कागदात बांधलेली मिठाची तशीच पुडी.

"भाऊजी!" तो ओरडला. ताईच्या नवऱ्याला मी मारलं, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. त्याने हातानेच पत्रे उपसायला सुरुवात केली. तळवा चिरला, त्याची शुद्ध नव्हती. तिसरा पत्रा ओढला तेव्हा मोडक्या टेबलाखाली एक बूट दिसला. बूट हलला.

भाऊजींना त्याने काखेत हात घालून बाहेर काढलं. कपाळ फुटलं होतं, एक हात उचलत नव्हता, पण माणूस जिवंत होता. आणि त्या माणसाचं पहिलं वाक्य काय, तर "तिला काही बोलू नकोस."

"भाऊजी, तुम्ही इथे काय करताय?"

"चौदा महिने झाले आमचा विभाग बंद होऊन. वाटलं, दुसरं काम मिळालं की सांगू. मिळालंच नाही. घर बांधायला पैसे ठेवले होते, त्यातूनच चाललंय सगळं." त्यांनी शर्टाकडे बघितलं. "मागच्या बाजूने यायचो. संध्याकाळी परत जायचो."

चौदा महिने! शेजारच्या कुत्र्यालासुद्धा पत्ता लागला नव्हता. तेवढ्यात फाटक वाजलं आणि चहाचा थर्मास घेऊन ताई आत आली. नवऱ्याला बघून ती जागच्या जागी थबकली.

भाऊजी सावरून उभे राहिले. कपाळातून रक्त ओघळत होतं. "आज लवकर सुटलो," ते म्हणाले.

ताईने शर्ट पाहिला, खुर्ची पाहिली, उघडा डबा पाहिला. ती काही दूधखुळी नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तरी आधी तिने रुमाल काढून त्यांच्या कपाळावर दाबून धरला. मग भावाकडे वळली.

"मशीन लावण्याआधी तू ओरडला नाहीस? एरवी तर गाव गोळा करतोस."

"नाही ओरडलो, ताई. माझं चुकलं."

"त्याला बोलू नकोस," भाऊजी म्हणाले. "मशीनचा आवाज आला होता मला. फटीतून हाही दिसला."

"मग बाहेर का नाही आलात?"

"बाहेर आलो असतो तर याला दिसलो असतो आणि तुला सगळं कळलं असतं. म्हणून टेबलाखाली जाऊन बसलो."

ताई मटकन पालापाचोळ्यातच बसली.

"मशीनपेक्षा माझी भीती वाटली तुम्हाला?" तिने विचारलं.

भाऊजींनी खाली बघत हळूच मान हलवून हो म्हटलं.