खालची ओळ

तिसऱ्या फटक्याला इस्त्रीवाल्याचा ओठ फाटला आणि रक्ताचा एक थेंब टाइपरायटरवर उडाला. टायपिस्टबाईंनी तो रुमालाने टिपला.

"घ्या बाई लिहून," हातातला रबरी पट्टा टेबलावर ठेवत साहेब म्हणाले. "मीच माझ्या भावाला मारलं."

बाईंनी लिहिलं. पोलीस चौकीच्या या खोलीत त्या एकवीस वर्षं दुसऱ्यांचे कबुलीजबाब टाइप करत होत्या. प्रत्येक जबाब 'मी'ने सुरू होई. वेळ वाचावा म्हणून सकाळी आल्या आल्या पाच-सहा कागदांच्या तळाशी त्या शेवटची ओळ आधीच टाइप करून ठेवत: 'हा जबाब मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे.' वरचं दिवसभरात भरायचं. त्यांचा डावा कान लहानपणापासून बहिरा होता. आरोपीचं स्टूल त्याच बाजूला येईल, असं टेबल त्यांनी लावून घेतलं होतं.

"का मारलंस?" साहेबांनी विचारलं. "कोर्टातल्या मनाच्या डॉक्टरांना हल्ली कारण लागतं. काय होतं तुझ्या मनात?"

"काहीच नव्हतं, साहेब. मी दुकान उघडलं तेव्हा दादा खाली पडला होता. डोकं फुटलेलं, शेजारी इस्त्री..."

पट्टा पुन्हा उठला. या वेळी बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज बाईंच्या पलीकडच्या, उजव्या कानालाही नीट ऐकू आला.

"सांगतो, सांगतो!" इस्त्रीवाला कळवळला. "पण मला सुचत नाही हो. ताईंनाच लिहू द्या. त्यांचा हात बसलाय. मी सही करतो."

"बघा बाई, गिऱ्हाईक खूश आहे तुमच्यावर," साहेब हसले. "होऊन जाऊ द्या."

पाच मिनिटांत मजकूर झाला. बाईंनी नेहमीच्या सपाट आवाजात वाचून दाखवला: 'दादाची पावलं जिन्यावर वाजली की मी पुस्तक मिटून भिंतीला पाठ लावून उभा राहत असे. त्याचा हात कुठल्या बाजूने येणार, हे मला आधीच कळत असे. त्या दिवशी मी पाठ लावली नाही.'

"एक नंबर!" साहेब म्हणाले. "काळीजच काढून ठेवलंत."

इस्त्रीवाला बाईंकडे टक लावून बघत होता.

"हे माझं नाही, ताई. दादानं मला कधी बोट लावलं नाही. आई गेल्यावर अंघोळसुद्धा तोच घालायचा मला." फाटलेल्या ओठांनी त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला कुणी मारलं?"

साहेबांनी त्याच्या कानफटात दिली. "मुकाट्यानं सही कर!"

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. मग त्यांनी कागद यंत्रातून ओढून काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवला. कपाटातून एक कोरा कागद काढून चढवला.

"हे काय चाललंय? आणि खालची ओळ कुठाय याच्यावर?"

"ती शेवटी येते, साहेब," बाई म्हणाल्या. "आली तर."

त्यांनी टाइपरायटर फिरवला, खुर्ची टेबलाच्या पलीकडे नेली आणि उजवा कान स्टुलाकडे करून बसल्या.

"दुकान किती वाजता उघडलंत?"