रविवारचा ब्राउन

शनिवारी शिमोन ग्रेगा कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळे, आणि रविवारी, फीची सोय व्हावी म्हणून, पोलाद कारखान्याच्या संघाकडून ‘ब्राउन’ या नावाने. ओहायोत असे ब्राउन पैशाला पासरी होते. पण पैसे घेऊन खेळणारा एखादा सापडला की कॉलेज त्याला त्याच दिवशी हाकलून देई, आणि शिमोनला डॉक्टर व्हायला एकच वर्ष उरलं होतं.

त्याचा बाप मातुश खाणीत कोळसा फोडायचा. ब्राउनचं कौतुक तो वर्तमानपत्रातून वाचून घेई. सामना एकही पाहिला नव्हता.

"कधी आलात, तर तोंडाला कुलूप," शिमोनने बजावलं होतं.

"दहा तास बंदच असतं माझं तोंड. नाहीतर कोळसा खावा लागतो."

एका रविवारी कुणाला न सांगता मातुश चर्चमधून परस्पर मैदानावर गेला. शिमोनने तिघांना अंगावर घेत चेंडू शेवटच्या रेषेपार नेला.

"कुणाचा रे हा वाघ?" शेजारचा ओरडला. मातुशने टोपी दातात धरली.

पुढच्याच खेपेला सहा जण शिमोनवर कोसळले. तेव्हा शिरस्त्राण कुणी घालत नसे. वाढवलेले केस हाच काय तो आधार. ढीग उठला, शिमोन उठला नाही. मातुश मैदानाभोवतीची दोरी ओलांडून धावला.

विरुद्ध संघाचा मॅनेजर आधीच तिथे वाकलेला होता. हा ब्राउन कॉलेजचा पोरगा असावा, असा त्याला कधीपासून संशय होता. "खरं नाव बोल, पोरा."

शिमोनने डोळे उघडले, मातुशची बाही घट्ट धरली आणि म्हणाला, "बाबा."

मॅनेजर वळला. "तुझा मुलगा? मग तुझं नाव काय?"

"माझा? माझा पोरगा प्रार्थना बुडवून चिखलात लोळला असता, तर मीच तंगडी मोडली असती! डोक्याला मार लागलाय बिचाऱ्याच्या. जरा पुढे सरका, तुम्हालाही बाप म्हणेल."

लोक खो खो हसले. मातुशने बाहीवरची बोटं एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सुटता सुटत नव्हतं. मग तो दोरीमागे गेला.

त्या दिवसाचं शिमोनला काहीच आठवलं नाही. पुढे तो डॉक्टर झाला. जेवायच्या टेबलावर बायकोला हमखास सांगे, "बाबांनी माझा एकही सामना पाहिला नाही."

आता मातुशला ते सांगायला हरकत नव्हती. पण सामना सांगायचा तर ती बोटंही सांगावी लागली असती. मातुश खाली बघून सूप पीत राही.