ऐकू न येणारी शिट्टी

"शिट्टी? कसली शिट्टी?" कानवाल्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मला तर शिट्टी-बिट्टी काही ऐकू येत नाही. उलट आवाज दबका आहे. तोंडावर उशी धरून कुणी बोलावं तसा."

"बाबा, मला येतेय ना," सून म्हणाली. "बारीक आहे, पण सारखी आहे. आणि संस्थेच्या बाईंनी सीडी परत पाठवली, ती काय उगाच?"

परत आलेली पहिल्या पाठाची सीडी समोरच पडली होती. तिच्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वाचन फार चांगलं. पण मागे सतत बारीक शिट्टी आहे. आमची मुलं दिवसाचे पाच-सहा तास हेडफोन लावून अभ्यास करतात, त्यांचं डोकं उठेल. आज पाचपर्यंत नवी सीडी मिळाली तर ठीक. नाहीतर पुस्तक दुसऱ्या वाचकाला द्यावं लागेल.'

अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं आवाजात उतरवणारी ती संस्था. सून लग्नाआधी शाळेत शिकवायची. या गावात आल्यापासून दोन वर्षं तिनं किती शाळांचे उंबरे झिजवले, पण कुणी दारात उभं केलं नाही. मग ही संस्था भेटली. चाळीस आवाजांतून तिचा निवडला गेला, भूगोलाचं पुस्तक मिळालं, आणि घरात ती पुन्हा गुणगुणायला लागली. जुन्या कॉम्प्युटरचा आवाज फाटायचा म्हणून तिनं नवं साउंड कार्ड आणलं. ते बसवायला बाहेरचा माणूस बोलवायची सोयच नव्हती. कानवाल्यांच्या घरात आवाजाच्या कामाला परका माणूस? परवा त्यांनी स्वतः कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि कार्ड बसवून टाकलं.

कानवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. अडतीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालत आलं होतं. पुढे टेप आले, टीव्ही आले, मिक्सरही आले. बाकीचे मेकॅनिक आधी सेट उघडायचे आणि मग दोष शोधायचे. हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सेटला लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचे, अमुक भाग गेलाय. उघडून पाहावं तर तोच गेलेला. म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं, आणि त्यांनीही ते मोठ्या तोऱ्यात मिरवलं. आवाजाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यात आता घरातलीच पोर त्यांना सांगत होती की तुम्ही बसवलेलं कार्ड शिट्टी मारतंय.

तेवढ्यात त्यांची बायको स्वयंपाकघरातून उठून दाराकडे गेली आणि कुणाचं तरी पत्र घेऊन आली. बेल वाजली असावी.

"अकरा वाजलेत," कानवाले म्हणाले. "वाचायला किती वेळ लागतो तुला?"

"पाऊण तास. सीडी करायला दहा मिनिटं, पोचायला अर्धा तास."

"म्हणजे साडेतीनच्या आत माझं काम झालं पाहिजे. हो बाजूला."

त्यांची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ऐकायचं, मग पुढची. त्यांनी हेडफोन बदलला, माइक बदलला, माइकच्या वायरीचं टोक नव्यानं डाग देऊन जोडलं, भिंतीतला प्लगसुद्धा बदलला. दर वेळी सून एक ओळ वाचायची, 'नदी उगमापाशी लहान असते', आणि ती ओळ दोघं आळीपाळीनं ऐकायची. कानवाल्यांना दर वेळी उशीच ऐकू यायची. सून दर वेळी म्हणायची, "आहे, बाबा."

एक वाजून गेला. दोघंही जेवायला उठली नाहीत, आणि बायकोनंही बोलावलं नाही.

मग सुनेनं ओळ पुसून टाकायला म्हणून माउस हातात घेतला आणि तशीच थांबली. "अहो बाबा, माउस हलवला की शिट्टीचा सूर बदलतोय."

"मनाचे खेळ आहेत," कानवाले फणकारले. "सकाळपासून शिट्टी शिट्टी करतेयस. आता तुला पंख्यातही शिट्टी ऐकू येईल."

सून मऊ स्वभावाची, पण आज तिच्या तोंडचा घास निघून चालला होता. तिनं हेडफोन कानावर घट्ट बसवला, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "मी इकडे बघत नाही. तुम्ही माउस हलवा, केव्हा हलवलात ते मी सांगते. चुकले तर मनाचे खेळ."

कानवाल्यांनी माउस हलवला.

"आता," सून म्हणाली. "थांबवलात. आता पुन्हा."

त्यांनी हात उचलून नुसता हवेत फिरवला.

"काहीच नाही."

त्यांनी बोटाच्या टोकानं माउस गव्हाएवढा सरकवला.

"किंचित हलवलात."

असं बारा वेळा झालं. त्यांनी नाना तऱ्हांनी फसवून पाहिलं, पण ती एकदाही चुकली नाही. तेराव्या वेळी त्यांनी माउस सोडून दिला.

"ऊठ. आता मी बसतो."

ते भिंतीकडे तोंड करून बसले. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला आणि डोळे मिटले. सेटवर स्क्रूड्रायव्हर टेकवताना मिटायचे तसेच. ते वाट पाहत राहिले. बराच वेळ गेला.

"हलव की गं," ते म्हणाले.

मागून सुनेचा मऊ आवाज आला. "कधीची हलवतेय, बाबा."

कानवाल्यांनी मान वळवली नाही. समोर भिंतीवर एका जुन्या खिळ्याचं भोक होतं, त्याच्याकडे ते बघत राहिले. त्यांना परवाचा दिवस आठवला. कार्ड बसवल्यावर आवाज दबका वाटला म्हणून त्यांनीच पडद्यावरची बारीक सुरांची पट्टी पार वरपर्यंत ढकलली होती. म्हणजे शिट्टी होतीच, ती यांनीच दुप्पट करून ठेवली. मग त्यांना मास्तर आठवले, कोपऱ्यावरचे. गेली दोन वर्षं, दुरुस्त झालेला रेडिओ हातात पडला की मास्तर आधी आवाजाचं बटण मागे फिरवायचे, आणि हे मनात हसायचे, की काय हे लोक, कान म्हणून नाहीत. दोन वर्षं सगळी गल्ली बटणं मागे फिरवत होती आणि एकानंही यांना तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"बाबा, राहू द्या," सून म्हणाली. "मी बाईंना फोन करते. नाही जमलं म्हणून सांगते."

यावर मात्र कानवाले खुर्चीसकट वळले. "कोण म्हणतं नाही जमलं? मला ऐकू येत नाही. दुरुस्त करता येत नाही असं कुणी म्हटलं? डोकं जागेवर आहे माझं, हातही आहेत. तू कान दे, बाकीचं मी बघतो. किती वाजले?"

"पावणेदोन."

"मग रडायला वेळ नाही. बस."

आणि एकदा ते मान्य केल्यावर डोकं कसं झरझर चालायला लागलं. माउस हलला की पडद्यावरचं चित्र हलतं. चित्र हलवायचं काम दुसऱ्या कार्डाचं. म्हणजे त्या कार्डाची धडपड या कार्डाच्या कानावर जातेय. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि डबा उघडला. दोन्ही कार्डं खांद्याला खांदा लावून बसलेली. परवा ती जागा हाताशी होती म्हणून त्यांनी तिथंच बसवलं होतं. त्यांनी साउंड कार्ड काढलं, पार तळाच्या खाचेत बसवलं, डबा लावला, कॉम्प्युटर सुरू केला. सून भिंतीकडे तोंड करून बसली. त्यांनी माउस हलवला.

"कमी झाली," सून म्हणाली. "पण आहे. आता माउसनं बदलत नाही. एकसारखी आहे."

"उंच की खाली?"

"आधीच्यापेक्षा खाली. गुणगुण म्हणा."

खाली असूनही ती त्यांना ऐकू आली नाही. पण आता त्याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं. ते टेबलाखाली शिरले. तिथं वायरी होत्या, आणि त्या पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. वायरींचा पसारा त्यांना आयुष्यात कधी खपला नाही. अडतीस वर्षं प्रत्येक सेटच्या वायरी ते मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधत आले. तो त्यांचा ठसा होता, दोरा पाहून लोक ओळखायचे की सेट कुणाच्या हाताखालून गेलाय. परवाही त्यांनी माइकची नाजूक वायर आणि विजेची जाड वायर एकत्र आवळून दर चार बोटांवर गाठ मारली होती. किती देखणं दिसत होतं ते. चिमुकली वायर धटिंगणाच्या मिठीत देऊन वर गाठीही मारल्या होत्या.

"कात्री दे," ते खालूनच म्हणाले.

एकेक गाठ त्यांनी कापली. माइकची वायर सोडवून खोलीच्या दुसऱ्या कडेनं, जमिनीवरून, वेडीवाकडी फिरवून आणली. मग वर येऊन ती बारीक सुरांची पट्टी परवाच्या आधी होती तिथं, मधोमध आणली.

"वाच."

सुनेनं वाचलं आणि ऐकलं. "गेली," ती म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण, बाबा. इतका स्वच्छ आवाज मी माझा कधी ऐकलाच नव्हता."

त्यांनी हेडफोन स्वतःला लावून पाहिला. तिच्यासाठी जो स्वच्छ झाला होता, तो त्यांच्यासाठी आणखी एका उशीखाली गेला होता. त्यांनी हेडफोन तिला परत दिला. "तोंड फिरव. मी माउस हलवतो."

ते माउस हलवत राहिले. गोल फिरवला, आपटला, सारखा इकडून तिकडे नेला. सून पाठमोरी बसलेली, चकार शब्द काढत नव्हती. तिचं ते न बोलणं त्यांनी पुरती पाच मिनिटं ऐकलं आणि मगच म्हणाले, "कर सुरू."

ती वाचत होती तेवढा वेळ ते बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसले. फ्रिज बंद केला, फोनचा रिसीव्हर काढून ठेवला, दोन गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. चार वाजता सून सीडी घेऊन धावतच गेली.

घर शांत झाल्यावर बायकोनं ताट वाढलं. ते पहिला घास घेणार तोच ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"नवी बेल बसवली तेव्हापासून. ती वाजायची आणि तुम्ही ढिम्म. म्हणून मी दुपारची आडवी होत नाही, दाराजवळच बसते."

"दोन वर्षं?"

"दोन होऊन गेली."

"मग सांगितलं का नाहीस?" ते चिडले, पण आवाज चढला नाही.

"कुठल्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "सगळी दुनिया तुम्हाला ज्या नावानं हाक मारते, ते माझ्याच हातांनी काढून घेऊ?"

ते खाली मान घालून जेवले, आणि आज ताटात काहीही टाकलं नाही.

सहाच्या सुमाराला सून आली ती हसतच. बाईंनी तिथल्या तिथे हेडफोन लावून अख्खा पाठ ऐकला होता आणि उरलेले बारा पाठ हातात ठेवले होते. "बाबा, कार्ड कुणी बसवलं विचारत होत्या," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"आमच्या कानवाल्यांनी."

ते हसले, पण लगेच दुकानात निघून गेले. तिथे मास्तर रेडिओ कडेवर घेऊन उभे होते. "बघा हो जरा," मास्तर म्हणाले, "मागे कसली तरी कुरकुर येतेय."

कानवाल्यांनी रेडिओ टेबलावर घेतला. लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक सेटवर टेकवलं, मूठ कानापर्यंत आणली आणि तिथेच थांबले. मग त्यांनी कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि आपल्या स्टुलाला लावून ठेवलं.

"अगं, जरा बाहेर ये," त्यांनी आत हाक मारली. "मला ऐकायला माणूस हवंय."

मास्तर बघत राहिले. बायको ओले हात पुसत आली, मास्तरांकडे एकदा पाहून अवघडल्यासारखी स्टुलावर बसली. कानवाल्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ जपून तिच्या कानाला लावली आणि टोक स्वतः धरून ठेवलं.

"काय ऐकायचं?" तिनं विचारलं.

"जे येईल ते," ते म्हणाले. "सावकाश सांग."