दोन नंबरची सिस्टीम

पंपांचा कारखाना दोघा भावांचा, पण कारभार धाकट्याच्या हातात. थोरला खाली यंत्रांत रमलेला असे. त्याची बायको वरचं ऑफिस सांभाळायची. तिला सगळे वहिनीच म्हणत. ईमेल आणि फायलींसाठी नवी सिस्टीम निवडायचं काम दिराने तिच्यावरच सोपवलं होतं. महिनाभर तिने दोन सिस्टीम चालवून पाहिल्या आणि पहिली पक्की केली.

“दुसरी का नको?” दिराने विचारलं.

“तिच्यात मालकाला कुणाचीही मेल गुपचूप वाचता येते, भाऊजी. मग माणसं मोकळेपणी लिहिणार कशी?”

“अगदी बरोबर. तुमचा शब्द शेवटचा,” तो हसला. मग सहज बोलावं तसं म्हणाला, “तुम्ही दोघं वेगळं होऊन तुमच्या भावाच्या गावी जायचं म्हणताय. कारखान्यासाठी शेडसुद्धा बघितलीत म्हणे?”

ही गोष्ट वहिनीने फक्त आपल्या भावाला लिहिली होती, ऑफिसच्या मेलवरून, दुसऱ्या सिस्टीमच्या चाचणीच्या दिवसांत. नवऱ्याच्या कानावर ती अजून घालायची होती.

निवडीचा कागद टेबलावर तसाच टाकून ती धावत जिना उतरली. त्याला आपल्याच तोंडून कळायला हवं होतं.

नवऱ्याने यंत्र बंद केलं होतं. तो चिंध्यांनी हात पुसत उभा होता, पण हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“सकाळी त्याने मला तुझी मेल छापून आणून दिली,” तो म्हणाला. “भावाला लिहिलंस. मला नाही.”

वरच्या काचेतून दीर शांतपणे दोघांकडे पाहत होता.