न बांधता धुतलेली लड

"हात खाली नको करूस गं," खोसियतमावशी म्हणाली. तिसऱ्यांदा हॉर्न वाजवून मी वैतागून आत आलो होतो.

नुक्रा प्रवासाचा कोट घालून खांबाला टेकून बसली होती. पुढे धरलेल्या तिच्या दोन्ही हातांवर पांढऱ्या लोकरीची लड होती आणि समोर बसून तिची सासू, म्हणजे मावशीच, त्या लडीचा गुंडा करत होती. गुंडा कसला, जेमतेम अक्रोडाएवढा झाला होता.

"मावशी, दुपारी रस्त्याच्या कामाला घाटात सुरुंग लावतात, मग गाडी सोडत नाहीत. आज अडकलो तर दुशान्ब्याहून हिचं विमान चुकलंच म्हणून समज."

"मी कुठे चुकव म्हणतेय, मिर्झो? एवढी लड झाली की ने तिला. मला काय चार हात आहेत?"

नुक्राचा नवरा सहा वर्षं मॉस्कोत इमारतींवर राबत होता. आता कुठे त्याने खोली घेतली आणि बायकोला बोलावलं. आईलाही ये म्हणाला होता. मावशी म्हणाली, गाय कोण बघणार? आमच्या शाहदऱ्याच्या खोऱ्यात याहून लंगडी सबब मी ऐकलेली नाही, पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर तसं कोण म्हणणार.

जवळ बसून बघतो तर लड पार गुंतलेली. गावातल्या निम्म्या बायका लोकर कातून गुंडे करायला मावशीकडेच देतात. तिचा गुंडा मोजा विणून होईतो कुठे अडत नाही. आणि धुण्याआधी लड चार जागी दोऱ्याने सैल बांधायची, नाहीतर पाण्यात तिचा विचका होतो, एवढं माझ्यासारख्या ड्रायव्हरलाही कळतं.

"न बांधताच धुतलीस की काय?"

"विसरले. वय झालं." तिने मान वर केली नाही. मग गुंडा नुक्राच्या मांडीवर ठेवून उठली. "शीरचाय आणते. उपाशी पाठवू का तिला?"

ती चुलीकडे गेल्यावर नुक्रा हळूच म्हणाली, "दोरे मी बांधले होते, दादा. माझ्या हातानं, चारही. काल चुलीत जळताना दिसले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? थांब असं त्या कधी म्हणायच्या नाहीत."

एकमेकांच्या हातांचे मुके घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी निरोप घेत नाही, आणि हातांवर लोकर असेपर्यंत ते होणार नव्हतं. माझ्या डोक्यात हे तेव्हा शिरलं. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

मावशी वाडगा घेऊन आली. सुनेचे हात अडकलेले, म्हणून खारट चहात रोटी बुडवून तिनेच एकेक घास भरवला. नुक्रा खात होती आणि तिचे डोळे वाहत होते. पुसायलाही हात मोकळे नव्हते. मावशीने आपल्या ओढणीने ते पुसले आणि वाडगा खाली ठेवला.

"मिर्झो, आता निघालास तर घाट गाठशील का?"

"हाणली तर गाठेन."

"आण गं ती लड इकडे."

"आई, थोडीच राहिलीय." नुक्राने हात आणखी ताणून धरले.

"खोटं बोलू नकोस. पावसुद्धा झाली नाही."

मावशीने तिच्या बोटांतून लड अलगद सोडवली आणि स्वतःचे गुडघे उभे करून त्यांवर चढवली. मग त्या दोघींनी हात हातात घेतले. मी बॅग उचलून बाहेर गेलो.

"गाडीपर्यंत तरी चला ना," नुक्रा दारातून म्हणत होती.

"कशी येऊ? उठले तर अजून गुंतेल."

घाट आम्ही थोडक्यात गाठला. आठवड्याभराने गावात परतलो तेव्हा सून सुखरूप पोचल्याचं सांगायला आधी मावशीकडे गेलो. ती त्याच जागी, गुडघे उभे करून बसलेली. गुंडा सफरचंदाएवढा झाला होता. मी समोर बसलो आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे, मी धरतो. तासाभरात उरकू."

"उरकेल रे," ती म्हणाली. "मग पुढे काय करू?"

मी हात मागे घेतले. मग उठलो.

"जाताना दार तेवढं ओढून घे," मावशी म्हणाली. "मला उठता येत नाही."