कांडीवाल्याची घंटा

बर्फाच्या कांड्यांची गाडी वळणावर दिसली रे दिसली, की गल्लीतली पोरं तिच्यापुढे नाचत ओरडत सुटायची:

कांडीवाला, कांडीवाला,
बर्फ विकून घामानं न्हाला!
लाल कांडी, हिरवी कांडी,
चोखून उरते नुसती दांडी!

कांडीवाल्या काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "दांडी नाही तर काय सोन्याची साखळी उरणार?" ते रोज घरी करवादत.

"घामानं न्हाता, ते मात्र खरंय," बायको सदरा पिळत म्हणायची. एवढं सोडलं तर घरातून त्यांना पूर्ण पाठिंबा होता.

शेवटी एका दुपारी काकांनी गल्लीच्या तोंडाशी फर्मान काढलं, "हे गाणं म्हणणाऱ्याला कांडी नाही. कायमची!"

पोरं चिडीचूप. तोंडावर बोट ठेवून पायरीवर बसली. इतकी शिस्त त्यांच्या बाईंनीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

काका ऐटीत गल्लीभर फिरले. एक खिडकी उघडेल तर शपथ. गाडीला घंटा होती, पण तिचा लोलक कधीच गळून पडला होता. पोरांचा गलका पुढे धावत असताना नवा बसवतो कोण? काकांनी घसा खरवडून आरोळी ठोकली, "कांडीऽऽ!"

वरची एक खिडकी किलकिली झाली. "भंगार नाहीये हो आज!"

खिडकी बंद.

दुसऱ्या फेरीत पेटीतून पाणी ठिबकू लागलं. आजचा माल आजच खपला नाही, तर तो गटाराच्या घशात जाणार होता. लाल कांडी हिरवीत मिसळून एका अनोळखी रंगाची झाली होती.

काका पायरीपाशी आले. "म्हणा."

"काय?" दोन वेण्यांच्या पोरीनं विचारलं.

"तेच ते."

"नको. कांडी मिळणार नाही."

"मिळेल गं बाई!"

"कायमची म्हणाला होतात. आधी तुम्ही म्हणा, मग आम्ही."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. दातओठ खात पुटपुटले, "कांडीवाला, कांडीवाला, बर्फ विकून... थकून आला."

"चूऽऽक!" सगळी पायरी गरजली.

"घामानं न्हाला," पोरगी शांतपणे म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून. आणि मोठ्यानं, वरच्या मजल्यावर ऐकू जायला हवं."

काकांनी कपाळ पुसलं आणि बेंबीच्या देठापासून स्वतःची बदनामी सुरू केली. घामानं न्हाला या शब्दांवर वरची खिडकी सताड उघडली.

"अगंबाई, कांडीवाला होय! मग इतका वेळ गप्प का होतात?"