तोमापर्यंतचं चाक

मानवजातीने आजवर जे काही मिळवलं, ते चाकाच्या जोरावर मिळवलं. राज्यं चाकांवर पसरली, व्यापार चाकांवर वाढला, आणि उद्या माणूस दुसऱ्या एखाद्या ग्रहावर राहायला गेला तर तिथेही आधी चाकच उतरवील. वागादुगूच्या आमच्या तांपुई वस्तीत मात्र नोबिला निकिएमा पावसाळा संपल्यापासून सायकलच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून होता, आणि कुठलं चाक घ्यावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

नोबिला पाणीखात्यात कारकून. वय पन्नाशीच्या आसपास, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. सकाळी सायकलवर ऑफिसला, संध्याकाळी सायकलवर घरी. ऑफिसच्या फाटकाशी ओडील पारे नावाची विधवा बाई भात आणि चवळी विकते. नोबिला वर्षानुवर्षं रोज दुपारी तिच्याकडे चवळी खात आला. चवळी कुणालाही इतकी आवडत नाही, हे आधी शिपायांच्या लक्षात आलं, मग साहेबांच्या, आणि सगळ्यांत शेवटी नोबिलाच्या. त्याने लग्नाचं विचारलं, ओडील हो म्हणाली. आता तोमा गावी जाऊन तिच्या थोरल्या भावाला रीतसर विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मुश्कील अशी की ओडील सामो जमातीची आणि नोबिला मोस्सी जमातीचा. यांच्यात वैर नाही. वैर परवडलं असतं. यांच्यात थट्टेचं नातं आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. भेटल्याबरोबर मोस्सीने सामोला गुलाम म्हणायचं, सामोने मोस्सीला गुलाम म्हणायचं. मोस्सीने विचारायचं, आज कुणाचं कुत्रं शिजवलंस. सामोने विचारायचं, तुझे बंधू गाढवराव बरे आहेत ना. रागवायचं कुणी नाही. मयताच्या घरीसुद्धा हे चालतं, किंबहुना तिथे जरा जास्तच चालतं.

तर ओडीलच्या भावाने, जोआकिम पारेने, फोनवर सांगितलं, "मोस्सीला माझी बहीण हवी असेल तर त्याने स्वतःच्या सायकलवर यावं. गाडीच्या टपावर बसून काय, बकऱ्याही येतात."

"तो थट्टा करतोय," ओडील नोबिलाला म्हणाली. "गुपचूप गाडीने जा."

"थट्टा असली आणि मी सायकलवर गेलो, तर काही बिघडत नाही," नोबिला म्हणाला. "थट्टा नसली आणि मी गाडीने गेलो, तर तू गेलीस."

ओडीलने त्याला एक वाढीव पळी चवळी घातली.

आता सासुरवाडी म्हटली की एका खेपेने भागत नाही. कुणी मरतं, कुणी जन्मतं, कुणाच्या घराचं छप्पर उडतं, जावयाने हजर राहायचं असतं. तेव्हा नव्या चाकांनी रोज ऑफिसला न्यायला हवं आणि अधूनमधून तोमालाही. ऑफिसचा रस्ता डांबरी आणि गर्दीचा, तिथे हलकं चाक बरं. तोमाला जाताना कुडुगूपर्यंत डांबर, आणि पुढे तांबड्या मातीचा रस्ता, ज्यावर ट्रक जाऊन जाऊन पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठल्या आहेत. तिथे भक्कम चाक हवं. सायकल एकच. नोबिलाची जुनी चाकं तर पाणीखात्याच्या पाइपांसारखी झाली होती, कुठून फुटतील सांगता येत नव्हतं.

या सगळ्यात माझा संबंध एवढाच, की मला मध्यस्थ नेमलं होतं. मी गुरुन्सी, म्हणजे दोन्हीकडचा नाही, आणि म्हातारा, म्हणजे मोकळाच.

दुकान एली तोएचं. दुकान म्हणजे एक कडुनिंब आणि त्याखाली एक पेटी. तारा ओवून अख्खं चाक बांधणारा कारागीर तांपुईत हा एकच, असं लोक म्हणतात. कारण एलीच त्यांना तसं सांगत असतो. एली सामो आहे.

"आलास, गुलामा?" नोबिलाला पाहून तो म्हणाला. "आज पाणीखात्याला सुट्टी, की नळाला पाणी नाही हे त्यांना आत्ता कळलं?"

"मालकाशी नीट बोल. चाकं दाखव. आणि आधी हात धू, कुत्र्याच्या रश्शाचा वास येतोय."

फांदीला चाकांच्या दोन जोड्या टांगल्या होत्या. एक युरोपातल्या जुन्या मालातून आलेली. अशा मालाला आमच्याकडे 'फ्रान्सला रामराम' म्हणतात. चकचकीत, हलकी, अरुंद रिमची, मोजक्या चपट्या तारांची. दुसरी एलीने स्वतः बांधलेली. रुंद रिम, जाड तारा, दिसायला हातगाडीची बहीण.

एलीने जाड जोडीवर थाप मारली. "ही ने. रुंद टायर बसतो, हादरा टायर खातो. तारा भरपूर आहेत, एक गेली तर बाकीच्या सांभाळून घेतात, आणि तसली तार कुठल्याही खेड्यात मिळते. शहरात थोडी जड जाईल, पण पोटही उतरेल. ते दुसरं डांबरावर गोड आहे. पण वर मोस्सीचं बूड, मागणीच्या कोला-बियांची टोपली, मीठ आणि कोंबडा, एवढं घेऊन तांबड्या रस्त्याला लागलास तर वाकून आउट होईल, आणि तो आउट देवाच्या बापालाही काढता येणार नाही."

नोबिला माझ्याकडे वळला. "ऐकलंत, नेबिएकाका? हातगाडीची चाकं गळ्यात मारतोय. तोमात पोचलो की गाव म्हणणार, मोस्सी गाढवगाडीवर आला."

"ते तसंही म्हणणारच आहेत," एली म्हणाला.

"बघा."

नोबिलाचा हिशोब सरळ होता. सामो मोस्सीशी कधी सरळ बोलत नाही. एली जाड घे म्हणतो, त्या अर्थी बारीक चांगलं. एलीच्याही हे लक्षात आलं आणि त्याने सूर बदलला. "बरं बाबा, चकचकीत घे. तुला शोभेल."

नोबिला पुन्हा बाकावर बसला. आता चकचकीत घे म्हणतो, म्हणजे जाड चांगलं. पण आपण उलटं ऐकतो हे याला ठाऊक आहे, म्हणजे तो उलट्याचं उलटं सांगतोय, म्हणजे चकचकीतच चांगलं. पण आपल्याला हे कळलंय हेही त्याला कळलं असेल तर? इतक्यात अंधार पडायचा आणि एली पेटीला कुलूप लावायचा. रोज हेच.

शेवटी एलीने मला बाजूला घेतलं. "काका, तुम्हीच सांगा त्याला. ओडील आमच्या बाजूची, बहीणच माझी. हा वाटेत बसकण मारून राहिला तर तिचं लग्न अडेल, आणि वर तोमात म्हणतील, चाक एलीने दिलं होतं. मी काहीही बोललो तरी तो थट्टाच समजणार. मला दुसरी भाषाच ठेवलेली नाही."

मी जाऊन म्हटलं, "नोबिला, जाड चाक घे."

"हे तुमचं मत?"

मला चाकातलं ओ की ठो कळत नाही, आणि या वयात खोटं बोललं की ते लक्षात ठेवायचे कष्ट पडतात. "एलीचं," मी म्हटलं.

"मग झालं," नोबिला म्हणाला, आणि चकचकीत जोडी घेऊन गेला.

शहरात ती चाकं लोण्यासारखी चालली. साहेबांनी कचेरीच्या आवारात एक फेरी मारून पाहिली. नोबिला घरून उशिरा निघून ऑफिसात लवकर पोचू लागला, आणि पोचून काय करायचं हा नवाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. एलीच्या दुकानावरून जाताना तो मुद्दाम घंटी वाजवायचा.

निघायचा दिवस उजाडला. कॅरिअरवर कोलाची टोपली, मिठाची पिशवी, हँडलला कोंबडा. कोपऱ्यावर एली उभा. त्याने जाड जोडी स्वतःच्या सायकलला चढवली होती.

"तू कुठे?"

"मोस्सी कसा पडतो ते बघायला. असा तमाशा रोज नसतो."

मी मात्र दुसऱ्या दिवशी वडापने निघालो. सायकलची अट नवऱ्यामुलाला होती, मध्यस्थाला नव्हती. टपावर बकऱ्या होत्या, पण त्यांनी काही टोमणा मारला नाही.

कुडुगू मागे पडलं, डांबर संपलं आणि आमच्या गाडीतल्या सगळ्यांचे दात एकमेकांवर आपटू लागले. दिदीर गाव ओलांडलं आणि रस्त्याकडेला एका झाडाखाली दोन सायकली दिसल्या. एक उलटी ठेवलेली. तिच्या मागच्या चाकाचा इंग्रजी आठचा आकडा झाला होता. दोन-चार तारा तुटल्या, मग उरलेल्यांनीही त्यांच्यामागे जायचं ठरवलं. असल्या चपट्या तारा दिदीरमध्ये कुणी पाहिल्याही नव्हत्या. नोबिला शेजारी बसला होता, केसांपासून बुटांपर्यंत तांबडा.

"चढा," आमचा ड्रायव्हर म्हणाला. "टपावर जागा आहे, बकऱ्या सरकतील."

"नाही," नोबिला म्हणाला.

"मग चालत जाणार? तोमा काय इथे आहे?"

"सायकल खांद्यावर घेईन. सायकलीसकट आला, एवढं तरी त्यांना म्हणावं लागेल."

तोमातली वडीलधारी मंडळी त्याच संध्याकाळी जमणार होती. बरीचशी म्हातारी, लांबच्या पाड्यांवरून येणारी. पुन्हा कधी जमतील, आणि जमतील तेव्हा कितीजण असतील, कुणी सांगावं. नोबिलाला ते ठाऊक होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

एली उठला. त्याने आपली सायकल उलटी केली, पान्याने नट सोडले आणि मागचं चाक काढलं. एक सामो आणि एक मोस्सी एकत्र असून कुणीही काही बोलत नाही, असं मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. त्याने ते चाक नोबिलाच्या सायकलला बसवलं, चेन ओढून घेतली, चाक गरकन फिरवलं.

"रिम रुंद आहे, मागचा ब्रेक घासेल. मी सोडून ठेवलाय. पुढचाच वापर."

नोबिला उभा राहिला. "पोचवील का रे हे मला?" त्याच्या आवाजात गंमत नव्हती.

एलीने हात पँटला पुसले. "छे. पुढच्या वळणावर मोडेल."

"मग ठीक आहे," नोबिला म्हणाला, टोपली आवळली आणि निघाला.

एलीने आपली तीनचतुर्थांश सायकल टपावर टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. "सामोने बकऱ्यांबरोबर आलेलं चालतं," तो म्हणाला. नंतर तोमापर्यंत तो खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत होता.

जोआकिम पारे गवताच्या मांडवात मंडळींबरोबर दोलो, म्हणजे ज्वारीची घरगुती दारू, पीत बसला होता. गाडीतून आम्ही दोघेच उतरलो.

"मोस्सी कुठाय?"

"येतोय," मी म्हटलं. "सायकलवर."

जोआकिमच्या हातातला भोपळ्याचा वाडगा तसाच राहिला. "वागाहून? सायकलवर? अहो, मी थट्टा केली होती."

"आता हे त्याला कळू देऊ नका," एली म्हणाला. "त्याने रस्ताभर दात आपटून घेतलेत."

"मग आम्ही काय करायचं?"

"गंभीर व्हायचं."

मंडळींना ते जड गेलं. एकाने सुचवलं म्हणून जोआकिमने आतून टोपी आणून घातली.

ऊन उतरता उतरता नोबिला आला. सायकलवर बसून आला. बायकांनी कोंबड्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहून विचारलं, यातला मोस्सी कुठला. त्याने सायकल भिंतीला टेकवली, कोलाची टोपली मंडळींपुढे ठेवली. रीतीप्रमाणे बोलायचं मी होतं आणि मी चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं. मी खाकरलो, तेवढ्यात नोबिलाच बोलू लागला.

"वाटेत चाक मोडलं," तो म्हणाला. "मला आधी सांगितलं होतं की ते मोडेल. सांगणारा सामो, म्हणून मी ऐकलं नाही. आता बसलेलं चाक त्याचं आहे. सायकल माझी आहे. याने तुमची अट मोडत असेल तर मी परत जाईन आणि पुन्हा येईन. मला ओडीलशी लग्न करायचंय. हे मी थट्टेत बोलत नाहीये."

जोआकिमने टोपी काढून मांडीवर ठेवली. एलीने उगाच पान्याकडे पाहिलं.

"ओडील लहानपणापासून कुणाचं ऐकत नाही," जोआकिम म्हणाला. "ती हो म्हणाली असेल, तर आम्ही आपले कोला खाणारे. दिली. आजपासून तू या घरचा जावई."

म्हाताऱ्यांनी मानेने होकार दिला. नोबिला मटकन खाली बसला आणि तांबड्या हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं. जोआकिम उठून भिंतीपाशी गेला, त्याने मागचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं, चाक उचलून फिरवलं, कॅरिअर हलवून बघितलं.

"भक्कम आहे," तो म्हणाला. "मग असं कर, गिरणी बंद व्हायच्या आत एवढं बाजरीचं पोतं दळून आणतोस का?"